घळीतली दिवसभराची पदभ्रमंती : नियोजन शेवटाकडून सुरू करा

डोंगर चढताना दमलेला माणूस कुठल्याही क्षणी मागे वळू शकतो आणि वळल्यावर पुढची वाट उताराची असते. पर्वतातल्या खोल घळीत हा हिशेब उलटा होतो. काठावरून तळाकडे जाणाऱ्या वाटेवर सोपा भाग सकाळी ताज्या पायांनी संपतो आणि खडा चढ दुपारच्या उन्हात, दमल्यावर समोर येतो. एका तोंडाने शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडणाऱ्या वाटेवर तर मधल्या दहा-पंधरा किलोमीटरमध्ये दोन्ही बाजूंना उभे कडे असल्यामुळे बाहेर पडायला जागाच नसते. म्हणूनच घळीतून किती वाजता आणि कुठून बाहेर पडायचे, हा प्रश्न आधी सोडवावा आणि तिथून मागे मागे येत निघण्याची वेळ, पाणी, सामान आणि सोबती ठरवावेत.

वाटेची जात ओळखणे

घळीतल्या दिवसभराच्या वाटा ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा धोका वेगळ्या ठिकाणी असतो. पहिली काठावरून तळाकडे उतरून त्याच वाटेने परत येण्याची. अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनची ब्राइट एंजल वाट या प्रकारची आहे. तिथले राष्ट्रीय उद्यान प्रशासन काठावरून नदीपर्यंत जाऊन एकाच दिवसात परत येऊ नये, असा स्पष्ट सल्ला देते आणि तरीही दरवर्षी धडधाकट माणसे तो मोडून अडचणीत येतात, कारण उतरताना सगळे सोपे वाटते.

दुसरी वाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी. ग्रीसच्या क्रीट बेटावरील समारिया घळ हे तिचे उत्तम उदाहरण. झिलोस्कालो येथे सुमारे १,२३० मीटर उंचीवर सुरू होणारी ही वाट सुमारे १६ किलोमीटरनंतर लिबियन समुद्राच्या काठी आगिया रुमेली या गावात संपते. त्या गावाला मोटाररस्ता नाही, त्यामुळे तिथून पुढे बोटीनेच जावे लागते. साहजिकच या वाटेचे सगळे वेळापत्रक संध्याकाळच्या शेवटच्या बोटीला बांधलेले असते आणि ती चुकली तर रात्र गावातच काढावी लागते. फ्रान्समधील व्हर्दों घळीतील ब्लां-मार्तेल वाटही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते. १९०५ मध्ये या घळीचा शोधप्रवास करणाऱ्या एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांचे नाव तिच्या नावात आहे. अशा प्रत्येक वाटेवर गाडी एका टोकाला आणि आपण दुसऱ्या टोकाला, ही अडचण ठरलेलीच. म्हणून वाटेचा नकाशा उघडण्यापूर्वी परतीच्या बसचे, बोटीचे किंवा ठरवलेल्या गाडीचे वेळापत्रक हातात घ्यावे आणि ते त्याच महिन्याचे, त्याच वाराचे आहे याची खात्री करावी. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी फेऱ्या कमी होतात.

तिसरी वाट पाण्यातूनच चालण्याची. अमेरिकेच्या झायन राष्ट्रीय उद्यानातील ‘नॅरोज’मध्ये व्हर्जिन नदीचे पात्र हीच वाट असते. खालच्या तोंडाने शिरून बिग स्प्रिंग या झऱ्यापर्यंत जाऊन परत यायला परवाना लागत नाही; वरून खाली सुमारे २६ किलोमीटर चालत येण्यासाठी मात्र तो लागतो. पहिल्यांदाच अशा घळीत जाणाऱ्याने तिसऱ्या प्रकारची वाट खालच्या तोंडाने, हवे तिथून परत फिरता येईल अशा रीतीने करावी, असे माझे मत आहे.

वाटेचा प्रकार ठरला की ती खुली असण्याचा काळ पाहावा. समारिया साधारणपणे मे ते ऑक्टोबर खुली असते आणि त्या काळातही पावसाच्या किंवा कडक उष्म्याच्या दिवशी बंद ठेवली जाते. तिथे आत शिरताना घेतलेले तिकीट बाहेर पडताना दाखवावे लागते, त्यावरून कोणी आत राहिले का हे रक्षकांना कळते. खिशातला तो कागद शेवटपर्यंत जपून ठेवावा.

वेळेचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही सुरुवातीला उपयोगी पडतो : सपाटीवर ताशी सुमारे पाच किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाला अर्धा तास जास्त. परंतु हा ठोकताळा चांगल्या पायवाटेसाठी आणि तंदुरुस्त माणसासाठी आहे. समारियाच्या १६ किलोमीटरला तो साधारण सव्वातीन तास देतो, प्रत्यक्षात बहुतेकांना पाच ते सात तास लागतात. वाट जवळजवळ सगळी उताराचीच असूनही असे होते, कारण नदीपात्रातल्या गोट्यांवरून चालताना प्रत्येक पाऊल बघून टाकावे लागते आणि बाराशे मीटरचा उतार मांड्या थकवतो. म्हणून गोट्यांच्या पात्रात ताशी अडीच ते तीन किलोमीटर आणि पाण्यातून चालायचे असेल तर ताशी दीड-दोन किलोमीटर एवढाच वेग धरावा. गटाचा वेग म्हणजे गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग. सरासरी काढण्यात अर्थ नाही.

खाली उतरून परत येण्याच्या वाटेवर चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो असे समजून चालावे. म्हणजे चालण्याच्या एकूण वेळेचा एक तृतीयांश भाग संपला की वळायचे, मग ठरवलेले ठिकाण दोनशे पावलांवर दिसत असले तरी. समजा, सकाळी सहाला निघून दुपारी चारपर्यंत काठावर परत यायचे आहे. हाती दहा तास आहेत. त्यातून एक तास विश्रांतीसाठी आणि एक तास अनपेक्षित अडचणीसाठी बाजूला काढला तर चालायला आठ तास उरतात. त्याचा एक तृतीयांश म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. उतरतानाची वीस मिनिटांची विश्रांती धरून वळण्याची वेळ नऊ येते. ही वेळ निघण्यापूर्वी सर्वांनी मान्य करावी आणि कागदावर लिहावी, कारण तळाशी पोहोचल्यावर ‘अजून अर्धा तास’ या मागणीला कोणीही विरोध करत नाही.

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणाऱ्या वाटेवर वळण्याच्या वेळेऐवजी टप्प्यांच्या वेळा लिहाव्यात. साधारण निम्म्या अंतरावरचे एखादे ठळक ठिकाण निवडावे आणि तिथे अमुक वाजेपर्यंत पोहोचलो नाही तर काय करायचे हेही ठरवावे. समारियात हे काम जुने समारिया गाव करते. १९६२ मध्ये घळ राष्ट्रीय उद्यान झाली तेव्हा तिथल्या रहिवाशांना बाहेर वसवण्यात आले आणि आता त्या ओसाड घरांपाशी रक्षकांची चौकी व विश्रांतीची जागा आहे.

सूर्यास्ताच्या छापील वेळेवर विसंबू नये. अरुंद घळीत थेट ऊन दिवसातून दोन-तीन तासच येते आणि बाहेर लख्ख उजेड असताना तळाशी संधिप्रकाश पसरलेला असतो.

आभाळ आणि पाणलोट क्षेत्र

घळीतला सर्वांत मोठा धोका पाण्याच्या लोंढ्याचा असतो आणि तो डोक्यावरच्या आभाळात दिसत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील लोअर अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक लोंढ्यात सापडून मृत्युमुखी पडले. त्या वेळी घळीच्या जागी पाऊस जवळजवळ नव्हताच. वादळ कित्येक किलोमीटर वर, पाणलोट क्षेत्रात कोसळले होते. उघड्या खडकावर पडलेले पाणी मुरत नाही. ते चारी बाजूंच्या ओहोळांतून गोळा होऊन एका चिंचोळ्या खाचेत शिरते आणि रुंदी कमी म्हणून उंची वाढते.

यातून नियोजनाचा एक काटेकोर नियम निघतो. जवळच्या गावाचा हवामानाचा अंदाज पुरेसा नसतो; घळीत पाणी आणणारे संपूर्ण पाणलोट क्षेत्र नकाशावर बोटाने रेखाटावे आणि त्याच्या सर्वांत उंच, सर्वांत दूरच्या भागाचाही अंदाज पाहावा. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, त्यासाठी वाचता यायला हव्यात : उताराच्या दिशेकडून पाहिले तर त्यांचे टोकदार वळण जिथे चढाकडे शिरते, तिथे ओढा असतो. निघण्याच्या आदल्या रात्री आणि त्याच सकाळी असा दोनदा अंदाज पाहावा आणि पाणलोट क्षेत्रात गडगडाटी पावसाची शक्यता असेल तर अरुंद घळीचा बेत सरळ रद्द करावा. काठावरची वाट, रुंद दरी किंवा जंगलातली वाट असा पर्याय आधीच तयार असेल तर रद्द करणे जड जात नाही. दोन बेत घेऊन निघावे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

जिथे अधिकृत मर्यादा आहेत तिथे त्या पाळाव्यात आणि जिथे नाहीत तिथे त्यांच्यापासून शिकावे. नॅरोजमध्ये प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या, म्हणजे सुमारे सव्वाचार घनमीटरच्या वर गेला की वाट बंद होते. लोंढ्याचा इशारा निघाला तरीही ती बंद होते आणि इशारा मागे घेतल्यावरही किमान दोन तास खुली होत नाही. वर धरण असेल तर पाऊस न पडताही पाणी वाढते. व्हर्दोंमध्ये वीजनिर्मितीसाठी सोडलेल्या पाण्याने पातळी अचानक चढते. म्हणून पाणी कमी असताना सहज ओलांडलेला प्रवाह परतताना ओलांडता येईलच असे नाही.

आत असताना काही खुणांवर लक्ष ठेवावे. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या-पाने वाहत येणे, प्रवाहाचा आवाज किंवा जोर वाढणे, वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे, यांपैकी एकही दिसले किंवा ऐकू आले तर चर्चा न करता लगेच उंच जागी चढावे. लोंढ्याच्या पुढे धावत बाहेर पडण्याचा प्रयत्न करू नये. तो आपल्यापेक्षा वेगाने येतो. चालताना भिंतीवर अडकलेले ओंडके आणि वाळलेला गाळ किती उंचीवर आहे ते पाहत जावे. ती मागच्या पुराची पातळी असते. तिच्यावरच्या, चढता येण्याजोग्या जागा मनात नोंदवत चालण्याची सवय लावून घ्यावी, आणि जेवायला बसायचे तेही त्या रेषेच्या वरच.

पाणी किती, कुठून आणि कोणते

उष्ण हवेत चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागते. आठ तासांच्या वाटेला हा आकडा चार ते आठ लिटर होतो, आणि एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणून वाटेवर पाणी भरायच्या जागा कुठे आहेत आणि त्या हंगामात त्या चालू असतात का, हे आधी विचारून घ्यावे. समारियात वाटेवर झऱ्याचे पाणी भरायची सोय आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये नळ आहेत, परंतु जलवाहिनी फुटली की ते बंद पडतात. पाणी भरायची पुढची जागा कोरडी निघाली तरी त्यापुढच्या जागेपर्यंत पुरेल एवढे पाणी नेहमी जवळ ठेवावे.

घळीतले पाणी दिसायला निर्मळ असले तरी शुद्ध करूनच प्यावे. एक मिनिट, आणि २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे खळखळ उकळलेले पाणी सर्वांत खात्रीचे. क्लोरीनच्या गोळ्यांना अर्धा तास थांबावे लागते आणि क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर त्या फारशा चालत नाहीत. बारीक छिद्रांची गाळणी जिवाणू व परजीवी अडवते, विषाणू नाही. मात्र पाण्यात विषारी द्रव्य असेल तर यांतले काहीच कामाचे नाही : व्हर्जिन नदीत २०२० पासून विष तयार करणारे सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत आणि तिथे नदीचे पाणी गाळूनही पिऊ नये, अशी सूचना आहे. अशा ठिकाणी सगळे पाणी पाठीवरूनच न्यावे लागते.

नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे आहे. घामावाटे मीठ जात असताना फक्त पाणी पोटात गेले तर रक्तातील सोडियम घसरते. मळमळ, डोकेदुखी, पुढे गोंधळलेपण ही त्याची लक्षणे उष्माघाताच्या सुरुवातीसारखीच दिसतात, आणि मग घाबरलेले सोबती त्या माणसाला आणखी पाणी पाजतात. हे टाळायला तहान लागेल तसे प्यावे, दर तासाला काही खारट खावे आणि ओआरएसची पाकिटे जवळ ठेवावीत.

ऊन आणि गारठा

घळीत खाली जाताना दर शंभर मीटरला तापमान साधारण एक अंशाने वाढते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून नदीपर्यंत हा फरक तेरा अंशांच्या आसपास जातो, म्हणजे काठावर आल्हाददायक सकाळ असताना तळ भट्टी झालेला असतो. तिथल्या उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालू नये, असे उद्यान प्रशासन सांगते. त्या काळात सावलीत पाणवठ्याशी थांबावे, शर्ट आणि टोपी भिजवावी. गोंधळलेले बोलणे किंवा तोल जाणे दिसले तर तो उष्माघात समजावा, माणसाला सावलीत आडवे करून मिळेल त्या पाण्याने अंग भिजवत वारा घालावा आणि मदत मागवावी. त्याला चालवत नेऊ नये.

सुती कपडे टाळावेत, हा नियम सरसकट पाळण्यासारखा नाही. कोरड्या, तापलेल्या घळीत ओला सुती शर्ट उपयोगीच पडतो. सावलीतल्या, पाण्याने भरलेल्या अरुंद घळीत मात्र तोच अंगातली उष्णता शोषतो आणि उन्हाळ्यातही हुडहुडी भरवतो. वाट कोणती आहे ते पाहून ठरवावे, आणि दोन्ही ठिकाणी एक कोरडा उबदार कपडा पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधून ठेवावा.

दगड, प्रवाह आणि पाय

पाऊस पडून गेल्यावर, सकाळी बर्फ वितळताना आणि वर शेळ्या फिरत असताना कड्यांवरून दगड सुटतात. दगड पडण्याच्या पट्ट्यात फलक लावलेले असतात. तिथे छायाचित्रासाठी न थांबता, गटात अंतर ठेवून लवकर पुढे जावे. समारियातल्या ‘लोखंडी दरवाजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिंचोळ्या भागात भिंती चार मीटरपेक्षाही कमी अंतरावर येतात आणि सगळ्यांनाच तिथे रेंगाळावेसे वाटते. ते स्वाभाविक आहे, पण कड्याला लगटून बसू नये.

प्रवाह ओलांडण्यापूर्वी सॅकचा कमरपट्टा आणि छातीचा पट्टा सोडावा, म्हणजे पडल्यास सॅक टाकता येते. प्रवाह जिकडून येतो तिकडे तोंड करून, काठीचा तिसरा पाय करून, एका वेळी एकच पाय हलवत तिरके जावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा धक्का चौपट होतो. त्यामुळे जोरदार प्रवाह गुडघ्याच्या वर असेल तर न ओलांडलेलाच बरा. बूट काढून अनवाणी पाण्यात उतरणे हा गोट्यांच्या पात्रात घोटा मुरगळण्याचा सोपा उपाय आहे. पाण्याच्या वाटेवर पाणी झटकन निथळणारे, घट्ट बसणारे बूट घालावेत आणि ते भिजणारच, हे मान्य करावे.

लांब उताराची तयारी कोणी करत नाही. दम टिकवण्यासाठी सगळे चढतात, परंतु दुसऱ्या दिवशी दुखतात त्या उतरताना शरीर रोखून धरणाऱ्या मांड्या. निघण्यापूर्वीचे पाच-सहा आठवडे आठवड्यातून दोनदा पाठीवर वजन घेऊन जिने किंवा टेकडी उतरण्याचा सराव करावा. नखे दोन दिवस आधी कापावीत आणि उतरताना बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी, म्हणजे बोटे पुढे आपटत नाहीत.

सामान, दिशा आणि संपर्क

सामानाची यादी लांबवण्यात अर्थ नाही. पाणी, खारट-गोड खाणे, उबदार कपडा आणि पावसाळी जॅकेट, टोपी, प्रथमोपचाराचे साहित्य, फोडांसाठी चिकटपट्टी, शिट्टी, छापील नकाशा आणि जादा बॅटरीसह हेडटॉर्च. टॉर्च परत दिवसाउजेडी यायचे असले तरी हवाच. ब्लां-मार्तेल वाटेवर सुमारे ६७० मीटर लांबीचा अंधारा बोगदा भर दुपारीही टॉर्चशिवाय पार होत नाही. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर जाण्याचा नियम अरुंद घळीत पाळताच येत नाही, म्हणून मैला परत आणायच्या खास पिशव्या न्याव्यात.

मोबाइलला घळीत संपर्क मिळणार नाही असेच धरावे. जीपीएसही उंच भिंतींमध्ये कमी उपग्रह दिसल्याने आणि संकेत भिंतींवरून परावर्तित झाल्याने शंभरेक मीटर चुकू शकते, आणि उपग्रह संदेशयंत्रालाही मोकळे आभाळ लागते. त्यामुळे संदेश पाठवायचाच असेल तर घळ रुंदावते त्या जागा नकाशावर आधी खूण करून ठेवाव्यात. मदतीची आंतरराष्ट्रीय खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या किंवा सहा प्रकाशझोत, मग एक मिनिट शांतता, आणि पुन्हा तेच; उत्तर म्हणून तीन खुणा येतात.

या सगळ्यामुळे घळीबाहेर राहणारा माणूसच खरा संपर्क ठरतो. निघण्यापूर्वी अशा एका जबाबदार माणसाकडे लेखी चिठ्ठी द्यावी : कोणत्या तोंडाने शिरणार, कुठून बाहेर पडणार, गटात किती जण, कपड्यांचे आणि सॅकचे रंग, गाडी कुठे उभी आहे, टप्प्यांच्या वेळा, पर्यायी बेत कोणता आणि बचावपथकाचा क्रमांक. युरोपात तो ११२ आहे. त्यात दोन वेळा स्वतंत्र लिहाव्यात, एक बाहेर पडण्याची अपेक्षित वेळ आणि दुसरी, निरोप न आल्यास मदतीला फोन करण्याची वेळ. दोहोंमध्ये दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर बस चुकली एवढ्यावरून पथक निघते. बेत बदलला तर शिरण्यापूर्वी त्या माणसाला कळवावे, आणि बाहेर पडल्यावर जेवायला बसण्याआधी पहिला फोन त्यालाच करावा.